प्रश्न वाचकांचे : बार्बेक्यूची पंगत

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तिकिटे आणि व्हिसा यांच्यापेक्षा जेवणाचेच प्रश्न अधिक असतात. या खेपेस चार पत्रे बार्बेक्यूविषयी आली आहेत. त्यांतील पहिल्या पत्राचे उत्तर मला बरेच लांबवावे लागले, कारण त्यात पदार्थांइतकाच माणसांचाही प्रश्न आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई गेली ४ वर्षे अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात राहत आहेत. येत्या जूनमध्ये मी, माझे यजमान, धाकटा मुलगा आणि माझ्या सासूबाई असे चौघे त्यांच्याकडे जाणार आहोत. सगळ्यांनी मिळून एकदा तरी बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे, अशी जावईबापूंची फार इच्छा आहे. ५ वर्षांची नात धरून आम्ही सातजण होऊ. आमच्याकडे मटण, चिकन, अंडी सर्व चालते; गोमांस मात्र आम्ही खात नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या असून पूर्ण शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत. "तुम्ही सगळे जा, मी घरी वरणभात लावून खाईन," असे त्या आत्तापासूनच म्हणू लागल्या आहेत. त्यांना मागे ठेवून जाणे मला बरे वाटत नाही आणि जावयांचे मनही मोडवत नाही. अशा ठिकाणी काय मागवावे, किती मागवावे आणि सर्वांनी एकत्र कसे जेवावे?
— एक वाचक, लक्ष्मीनगर, नागपूर

उत्तर : आपल्याकडे बार्बेक्यू म्हटले की टेबलाच्या मधोमध बसवलेली शेगडी आणि तिच्यावर सळईला टोचलेले पनीर-चिकनचे तुकडे डोळ्यांसमोर येतात. टेक्सासमध्ये हा शब्द निराळ्याच गोष्टीसाठी वापरतात. तेथे टेबलावर विस्तव नसतोच. मांसाचे मोठमोठे तुकडे मीठ-मिरपूड चोळून लाकडाच्या धुरात, साधारण ११० ते १३५ अंश सेल्सियस इतक्या मंद आचेवर, दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ ठेवलेले असतात. आपण पोहोचतो तेव्हा ते शिजून तयार असतात आणि आपल्यासमोर फक्त कापून तोलायचे काम उरते. गोवऱ्यांच्या आरात रोडगे सोडून मंडळी शेतातल्या झाडाखाली गप्पा मारीत बसतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या रांधण्याचा स्वभाव चटकन कळेल.

तोलून विकण्याच्या प्रथेला इतिहास आहे. मध्य टेक्सासमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी खाटिकखाने काढले. दिवसभरात न खपलेले मांस टिकावे म्हणून ते धुरावून ठेवीत, आणि शेतावर राबणारी माणसे ते विकत घेऊन तेथेच, खाटिकाच्या जाड कागदावर पसरून खात. या पाककलेत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन स्वयंपाक्यांचाही मोठा वाटा आहे. 'बार्बेक्यू' हा शब्द तर कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. दुकानाचे रेस्टॉरंट झाले, तरी कागद आणि तराजू राहिले. आजही काउंटरवर उभे राहून 'अर्धा पौंड हे, पाऊण पौंड ते' असे सांगायचे असते, आणि एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. आपल्या भागात शहराबाहेरच्या ढाब्यावर हंडीतले मटण किलोवर सांगतात, तसाच हा व्यवहार समजावा. माणशी ताट हा हिशेब तेथे फारसा उपयोगी पडत नाही. मागणी संपूर्ण टेबलाची असते.

आता गोमांसाविषयी, कारण ते आधीच स्पष्ट झालेले बरे. टेक्सासच्या बार्बेक्यूचा राजा म्हणजे ब्रिस्केट, आणि ब्रिस्केट हे गाईबैलाच्या छातीचे मांस असते. रांगेतल्या दहांपैकी बहुतेक माणसे त्याच्यासाठीच आलेली असतात. सॉसेजमध्ये पुष्कळदा गाय आणि डुक्कर यांचे मांस एकत्र असते, म्हणून ते न विचारता घेऊ नये. आपल्यासाठी टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याच्या छातीचे काप आणि चिकन हे सरळ पर्याय आहेत, आणि घरी चालत असेल तर डुकराच्या बरगड्याही आहेत. टर्की नीट धुरावलेली असेल तर ती ब्रिस्केटच्या तोडीस तोड लागते, असे माझे मत आहे; ती कोरडी असते ही तक्रार घरच्या ओव्हनमधल्या टर्कीची आहे.

तथापि एक गोष्ट लपवून चालणार नाही. कापणारा माणूस एकाच लाकडी पाटावर, बहुधा एकाच सुरीने, आधी ब्रिस्केट आणि मग आपली टर्की कापतो. विनंती केल्यास अनेक ठिकाणी पाट पुसून सुरी बदलतात. पण मागे रांग उभी असताना ती विनंती करण्याचे धैर्य सर्वांना होत नाही, आणि भट्टी तर एकच असते. ज्या घरात हा स्पर्श चालत नाही त्यांनी अशा काउंटरवर जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. जावईबापूंशी हे आत्ताच, फोनवर, मोकळेपणाने बोलावे. चार वर्षे तेथे राहिलेल्या माणसाला सुरीचा मुद्दा सुचलेला नसणे अगदी शक्य आहे.

सासूबाईंचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि 'साइड्स' या शब्दावर विसंबून तो सुटत नाही. बार्बेक्यूबरोबर मिळणाऱ्या पदार्थांच्या पाट्या वाचल्या की सगळे शाकाहारीच वाटते: घेवड्याच्या बियांची उसळ, बटाट्याचे सॅलड, कोबीचे सॅलड, मक्याचा पाव, चीज घातलेली मॅकरोनी. उसळीत अनेकदा ब्रिस्केटच्या कडा किंवा डुकराचे खारवलेले मांस चवीसाठी टाकलेले असते. हिरव्या पालेभाजीतही तेच. बटाट्याच्या आणि कोबीच्या सॅलडमध्ये मेयोनेज, म्हणजे अंडे. मक्याच्या पावात अंडे असतेच आणि कधी डुकराची चरबीही असते. चीज जमवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असू शकते. एवढी चाळण लावल्यावर पांढरा पाव, लोणच्याच्या काकड्या आणि कच्चा कांदा इतकेच हाती उरते, आणि ते पुढ्यात घेऊन ७४ वर्षांच्या बाईंनी इतरांचे जेवण पाहत बसावे, याला पंगत म्हणता येत नाही.

येथे मला आपल्या सावजी भोजनालयांचे कौतुक वाटते. मटणाच्या रश्श्यासाठी लांबून लोक येतात, तरी त्याच पाटीवर पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा असतो, आणि तो खाणाऱ्याला आपण कोणाच्या सोबतीला म्हणून आलो आहोत असे वाटत नाही. डोळ्यांतून पाणी त्यालाही तितकेच येते. टेक्सासमध्ये हे स्थान एका पदार्थाला देता येईल. बऱ्याच बार्बेक्यूच्या ठिकाणी पाव किलोहून मोठा भाजलेला अख्खा बटाटा मिळतो. तो मधोमध चिरून त्यावर लोणी, दाटसर आंबट साय, चीज आणि कांद्याची पात घालतात. नेहमीच्या पद्धतीत वरून मांसही पेरतात, म्हणून 'मांसाशिवाय' हे दोनदा सांगावे, आणि चीजबद्दल शंका असेल तर तेही वगळावे. सोबत भाजलेले मक्याचे कणीस असेल तर सासूबाईंचे पोट नक्की भरेल. पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची लहान डबी असू द्यावी. बाहेरचे जेवण आणू देत नाहीत अशा जागीही वृद्ध बाईंच्या चटणीला कोणी हरकत घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ठिकाण निवडताना मुलीने एक फोन करावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: बटाटा मांसाशिवाय मिळेल का, उसळीत मांस आहे का, आणि बसायला बाहेर झाडाखाली टेबले आहेत का. तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. बंद खोलीत चरबीच्या धुराचा वास कपड्यांत आणि केसांत बसतो, आणि शाकाहारी माणसाला जेवणापेक्षा त्या वासाचा त्रास अधिक होतो. बाहेरच्या लाकडी बाकांवर तो निम्मासुद्धा जाणवत नाही. एवढी तयारी दाखवून मगच सासूबाईंना विचारावे. त्यांनी तरीही घरीच वरणभात खायचा म्हटले, तर तो त्यांचा निर्णय समजावा आणि त्यावर पुन्हा चर्चा करू नये. त्या केवळ सुनेची अडचण होऊ नये म्हणून नाही म्हणत असतील, तर बटाट्याची गोष्ट ऐकून बहुधा येतील.

किती मागवावे, याचा हिशेब सोपा आहे, पण भूक लागलेली असताना तो चुकतो. माणशी एक तृतीयांश ते अर्धा पौंड मांस पुरते. आपल्यात मांसाहारी मोठी माणसे पाच आणि एक लहान मूल, म्हणजे दोन ते सव्वादोन पौंड, आपल्या मापाने सुमारे एक किलो. बरगड्या घेतल्यास हाडांचे वजनही त्यातच तोलले जाते, म्हणून त्या वेळी थोडे अधिक धरावे. आम्ही ऑस्टिनजवळच्या एका गावी सहाजण गेलो होतो, तेव्हा माझ्या भावाने प्रत्येकासाठी 'एक-एक पौंड' असे सांगून टाकले. त्याच्या डोक्यात एक पौंड म्हणजे पावशेरासारखे काहीतरी लहानसे माप होते. तराजूवर कागद खाली बसू लागला तेव्हा मी त्याच्या कोपराला हात लावला, पण तोवर कापलेले परत घेण्याची सोय राहिली नव्हती. एकदा कापले की ते आपले. नामांकित ठिकाणी उत्तम मांसाचा भाव पौंडाला तीस डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो आणि ऑस्टिनमध्ये त्यावर ८.२५ टक्के विक्रीकर लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे माझ्या भावाचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना येईल. कमी मागवून पुन्हा रांगेत उभे राहणे हाही तेथे फारसा शहाणपणा नाही. त्यापेक्षा गाडीतच कागदावर आकडे लिहावेत आणि काउंटरवर एकानेच बोलावे.

पैसे कोणी द्यायचे हेही गाडीतच ठरवावे. आपल्याकडे बिल जेवणानंतर येते, त्यामुळे 'तुम्ही राहू द्या, मी देतो' हा संवाद सावकाश करता येतो. येथे मात्र तोलून झाल्याबरोबर, हातात जड ट्रे आणि मागे तीस माणसे असताना पैसे मोजायचे असतात. जावई आणि सासरे दोघेही एकाच वेळी कार्ड पुढे करू लागले, तर ती प्रेमळ ओढाताण रांगेतल्या कोणालाही समजत नाही. जावयांनी बोलावले आहे, तेव्हा त्यांना देऊ द्यावे आणि आपल्या यजमानांनी नातीच्या पीच कॉब्लरचे, म्हणजे भाजलेल्या पीचच्या गोड पदार्थाचे पैसे द्यावेत. वेटर टेबलावर येऊन वाढत असेल तर १५ ते २० टक्के टीप देण्याची रीत आहे. काउंटरवर बरणी असते, तिच्यात ऐच्छिक.

रांगेबद्दल थोडे. प्रसिद्ध ठिकाणी माल संपला की दार बंद होते, मग घड्याळात दुपारचे दोनच का वाजले असेनात, आणि शनिवार-रविवारी दोन-दोन तास उभे राहावे लागते. लेक्सिंग्टन या लहान गावातले स्नोज बार्बेक्यू तर फक्त शनिवारी, तेही सकाळी आठला उघडते. १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ या बाई ऐंशी ओलांडल्यानंतरही तेथील भट्ट्यांवर उभ्या राहत आल्या आहेत. २०२४ मध्ये उत्तम रेस्टॉरंटांना तारे देऊन गौरवणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेने टेक्सासमध्ये पहिल्यांदाच तारे दिले तेव्हा त्यांत चार बार्बेक्यूची ठिकाणे होती, आणि तेव्हापासून गर्दीला आणखी एक निमित्त मिळाले. ५ आणि ७४ वर्षांच्या माणसांना घेऊन या नावांच्या मागे लागू नये. ऑस्टिनपासून साधारण ५० किलोमीटरवर लॉकहार्ट हे गाव आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून गौरवले. तेथे मंगळवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी साडेअकराच्या सुमारास पोहोचावे. सोमवारी अनेक ठिकाणे बंद असतात. सोबत एक घडीची खुर्ची न्यावी. वृद्धांनी रांगेत खुर्ची टाकून बसणे तेथे कोणाला वावगे वाटत नाही.

राहिला एकत्र जेवण्याचा प्रश्न. ट्रेमध्ये कागदावर सगळ्यांचे मांस एकत्र येते आणि लोक हातानेच उचलून खातात. आपल्याला हात वापरण्याचे वावडे नाही, पण उष्टे आणि खरकटे यांचा विचार आपल्या अंगात मुरलेला आहे, आणि अर्धवट चावलेली बरगडी धरलेल्या हाताने दुसरा तुकडा उचलताना पाहून एखाद्याचे मन मागे हटू शकते. त्यावर उपाय असा: काउंटरवरून दोन रिकामे कागद जास्त मागून घ्यावेत आणि एक चिमटा किंवा काटा फक्त वाढण्यासाठी राखून ठेवावा. बसल्याबरोबर, कोणी खाण्यास हात घालण्यापूर्वी, घरातल्या वाढणाऱ्या व्यक्तीने प्रत्येकासमोर थोडे-थोडे वाढावे. सासूबाईंचा बटाटा आणि कणीस वेगळ्या ट्रेमध्ये, टेबलाच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला ठेवावे. म्हणजे त्या कोपऱ्यात न बसता नातीच्या शेजारी बसतील, आणि नातीला तिचा बटाटा चमच्याने खाता येईल. ५ वर्षांच्या मुलांना या ठिकाणी बहुधा बटाटाच आवडतो.

उरलेले बांधून नेणे तेथे अगदी रुळलेले आहे. डबे आणि कागद काउंटरवरच ठेवलेले असतात आणि आपले आपण भरायचे असते. जूनमधले टेक्सास नागपूरच्या मे महिन्याला फार मागे टाकत नसले तरी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अन्न लवकर बिघडते. शिजलेले मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, हा अमेरिकन कृषी खात्याचा नियम पाळावा. त्यामुळे जेवणानंतर फिरायला जायचे असेल तर बर्फाची पेटी गाडीत हवी. दुसऱ्या दिवशी त्या टर्कीचे तुकडे कांदा-टोमॅटोवर परतून, नागपूरहून नेलेला सावजी मसाला घालून रस्सा करावा. धुराची चव रश्श्यात उतरते आणि जावईबापूंना तो बार्बेक्यूपेक्षा अधिक आवडण्याचा धोका संभवतो.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही दोघे मुलाकडे डॅलसला गेलो असताना बार्बेक्यूच्या दुकानात टर्कीच्या कापांची कड गुलाबी दिसली. मांस कच्चे आहे असे समजून पत्नीने ते खाल्ले नाही आणि मुलगा थोडा दुखावला. कोण बरोबर होते?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मुलगा बरोबर होता, पण वहिनींची शंकाही गैरवाजवी म्हणता येत नाही. लाकूड जळताना निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसाच्या ओलसर पृष्ठभागात शिरतात आणि त्याला रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटतात. एरवी शिजल्यावर हे प्रथिन राखाडी-तपकिरी होते. वायू चिकटल्यावर त्याचा गुलाबी रंग टिकून राहतो. म्हणून धुरावलेल्या मांसात गुलाबी पट्टा कडेला, सालीच्या लगेच खाली असतो आणि आतला भाग पूर्ण शिजलेला असतो. कच्च्या मांसात याच्या उलट, गुलाबी भाग मध्यभागी असतो, आणि तेथे मांस बुळबुळीत, चमकदार दिसते. आपल्याकडे टेबलावरच्या शेगडीवर भाजलेल्या चिकनच्या तुकड्यात मधोमध असा रंग दिसला, तर तो धुराचा प्रताप समजू नये. तुकडा सरळ परत करावा. पक्ष्यांचे मांस आतून ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापले की सुरक्षित होते. पुढच्या खेपेस वहिनींनी कापाचा मधला भाग तोडून पाहावा.

प्रश्न : लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही बाराजण अमरावतीहून नागपूरला आलो होतो. सीताबर्डीत दिवसभर फिरून रात्री टेबलावर शेगडी असलेल्या एका बुफे रेस्टॉरंटमध्ये गेलो. माझ्या वडिलांनी दोन पोळ्यांएवढेच खाल्ले, माझी सहा वर्षांची भाची तर आइस्क्रीमवरच थांबली, तरी बारा माणसांचे पैसे लावले. शिवाय बिलात 'सर्व्हिस चार्ज' होता. बाराजणांत दहा थाळ्या घेऊन वाटून खाल्ले असते तर चालले असते का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही, चालले नसते. ज्या ठिकाणी 'माणशी इतके रुपये, हवे तेवढे खा' असा करार असतो तेथे किंमत खुर्चीची असते, आणि बारा खुर्च्यांत दहा थाळ्या वाटणे म्हणजे दोन तिकिटे कमी काढून गाडीत बसणे होय. लहान मुलांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी सवलत असते. ती कोठे वयावर, कोठे उंचीवर ठरते, आणि विचारल्याशिवाय ती सांगितली जाईलच असे नाही. वडीलधाऱ्यांसाठी ती क्वचितच असते. दिवसभर चालून थकलेल्या आणि मुळात मोजके खाणाऱ्या वडिलांना घेऊन बुफेला जाण्याऐवजी पदार्थ मागवता येतील अशा जागी गेला असता तर पैसे वाचले असते. शिवाय मध्यावर ठेवलेला पदार्थ बाराजणांना वाटून घेता आला असता.

सर्व्हिस चार्जबद्दल आपली तक्रार योग्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल किंवा रेस्टॉरंटला हे शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावाखालीही घेता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. ते काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. न काढल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी ही निराळी बाब आहे. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो, मोठ्या तारांकित हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये १८ टक्केही लागू शकतो, आणि तो द्यावाच लागतो.

आपण विचारलेले नाही, तरी बाराजणांच्या पंगतीबद्दल एक सांगते. माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही अशाच एका ठिकाणी जमलो होतो. टेबलावर एकच शेगडी होती. वेटरने सवयीने पनीरच्या सळया एका बाजूला आणि चिकनच्या दुसऱ्या बाजूला लावल्या, आणि मग ब्रश एका भांड्यात बुडवून दोन्हींवर तेल फिरवले. चिकनचा एक थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झाले, जाळ उसळला आणि पनीरवर काजळी बसली. मावशीने हातातली सळई बशीत ठेवली ती पुन्हा उचलली नाही. तिने कोणाला काही म्हटलेही नाही. तिच्या मुलाने विचारले तेव्हा 'पोट भरले' असे सांगितले. तेव्हापासून मी आरक्षण करतानाच शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन शेगड्या आणि दोन ब्रश सांगते, आणि नवरा-बायको वेगवेगळ्या शेगड्यांवर बसले तरी चालेल असे घरी आधीच ठरवते. दुसरे असे की, पहिल्या वीस मिनिटांत वेटर सळया अशा वेगाने आणतो की लोकांचे पोट सुरुवातीच्या पदार्थांवरच भरते. काही ठिकाणी टेबलावर लहानसा झेंडा असतो. तो खाली केला की सळया थांबतात. आपल्या वडिलांसारख्यांसाठी तो अर्ध्या वाटेवर खाली करावा, म्हणजे त्यांना डाळ-भाताची सवड मिळते.

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. प्रवासात अशा शेगडीच्या टेबलावर त्याला बसवावे का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : बसवता येईल, पण त्याची जागा आपण ठरवावी. पेटलेल्या निखाऱ्यांची शेगडी वेटर टेबलाच्या ज्या बाजूने आत सरकवतो, त्या बाजूला मूल नको. ती शेगडी माणसांच्या खांद्यांवरून येते. भिंतीकडच्या टोकाची खुर्ची सर्वांत बरी. निखारे काढून नेल्यानंतरही लोखंडी कड बराच वेळ तापलेली राहते, आणि बहुतेक अपघात त्याच वेळी होतात, कारण तोपर्यंत सर्वांचे लक्ष गोड पदार्थांकडे गेलेले असते. तुकडा सळईवरून काढून, बशीत गार करून मगच मुलाच्या हाती द्यावा. तरीही भाजलेच तर तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा; बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. फोड आल्यास तो फोडू नये, आणि चेहरा भाजला असेल किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर जेवण अर्धवट टाकून डॉक्टरांकडे निघावे.